एका शिबिराने कॅन्सर टळत नाही

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. विषाणूची लागण झाल्यापासून गाठ बनायला बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. इतकी सवड देणारा कॅन्सर विरळाच. तरी 2022 च्या जागतिक अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे 80 हजार बायका याने दगावतात. अंगावरून पाणी जातं, मधूनच रक्त दिसतं. बाई अंगावर काढते, कारण आवणीच्या दिवसांत दवाखान्यात जाणार कोण?

तपासणी महाग आहे म्हणावं तर तसंही नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 1998 पासून झोपडपट्ट्यांत चार आठवडे शिकवलेल्या साध्या आरोग्यसेविकांकडून ही तपासणी करून घेतली. सौम्य व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. दर दोन वर्षांनी चार फेऱ्या झाल्या आणि मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातल्या अभ्यासात मात्र व्हिनेगरची तपासणी एकदाच झाली, तिचा ठळक फायदा दिसला नाही. विषाणूची एचपीव्ही तपासणी एकदाच करूनही मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या 64 बायका तिथे मेल्या. त्यावरून पुढे मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. एवढी किंमत मोजून मिळालेलं ज्ञान आपण कपाटात ठेवलं आहे.

केंद्राने 2016 मध्ये ठरवलं, की 30 ते 65 वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी तपासणी करायची. पण 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभरांतल्या दोघींचीही ती कधी झालेली नव्हती. शिबिर होतं, फीत कापतात, पेपरात फोटो येतो. जिच्यात डाग सापडला तिचं पुढे काय झालं, हे कोण विचारतो? मुरबाडची बाई एस.टी.ने कल्याण गाठणार, तिथून लोकलने ठाणे किंवा परळ. रोज बुडतो तो वेगळाच. पहिल्या चिठ्ठीनंतर ती घरीच बसली, तर नवल नाही.

म्हणून सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी आशाताईंकडून तिशीपुढच्या बायकांची यादी करून घ्यावी. कोणाची तपासणी कधी झाली, पुढची कधी, कोणाला कुठे पाठवलं आणि ती पोचली का, एवढे रकाने पुरे. महिला-बालकल्याणाच्या दहा टक्क्यांतून गाडीभाडं का देऊ नये? 2015 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत पुन्हा गेलेल्या 27 गावांत तर ग्रामपंचायतच उरली नाही. तिथे ही यादी कोणाकडे आहे, हे वॉर्डातल्या लोकांनी महापालिकेला विचारावं.

राहिल्या शहापूर-मुरबाडच्या कातकरी बायका. दिवाळीनंतर त्या कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि गावातल्या यादीत नुसती नावं राहतात. त्यांची तपासणी भट्टीवरच व्हायला हवी. भट्ट्या कुठे लागल्यात ते तलाठ्याला पक्कं ठाऊक असतं, मातीची रॉयल्टी तोच तर बघतो.