गुलाबी आंबुटीची ओळख

काशीस शिंदे घाट व भोसले घाट यांच्या दरम्यान संकठा घाट आहे. संकठादेवीच्या दर्शनास जाताना दगडांच्या सांध्यांत किंवा एखाद्या कुंडीत आंबुटीसारख्या त्रिदल पानांवर गुलाबी फुले दिसली, तर क्षणभर थांबावे.

आपली आंबुटी, म्हणजे आयुर्वेदातील चांगेरी, भुईवर सरपटते. तिची फुले पिवळी असतात. फळ उभे, टोकदार असून पिकताच बी दूर उडविते. लिनियसने १७५३ साली तिचे शास्त्रीय नामकरण केले. गुलाबी फुलांच्या या जाती मात्र मूळच्या अमेरिका खंडातील. शोभेसाठी त्या बागांत आल्या आणि कुंपण ओलांडून येथेच रुजल्या. त्यांना जमिनीवर खोड नसते. पाने व फुलांचे दांडे थेट भूमिगत कांद्यापासून निघतात.

त्यांतील दोन जाती अशा ओळखाव्या. दले गोलसर हृदयाकृती व लवदार, खालून पाहता कडेशी ठिपके, आणि मुख्य कांद्याला बिलगलेल्या बारीक कांद्यांचा झुबका, ती ‘ऑक्झॅलिस डेबिलिस’. दले माशाच्या शेपटीसारखी रुंद, आणि बालकांदे लांब तंतूंच्या टोकांशी, ती ‘ऑक्झॅलिस लॅटिफोलिया’.

ही ओळख केवळ कुतूहलाची नव्हे. रोप हाताने ओढल्यास बारीक कांदे मातीत विखुरतात व एकाच्या जागी अनेक रोपे उगवतात. तेव्हा खुरप्याने ढेकळासकट काढावे. खतखड्ड्यात टाकू नये. आणि चांगेरी म्हणून औषधासाठी पाला खुडण्यापूर्वी फूल अवश्य पाहावे. पाने सारखी दिसली, तरी वनस्पती एक नव्हे.