उलटा डेल्टा

चिपळूणच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो. नदीच्या मुखाशी गाळाचा त्रिकोण तयार होतो, म्हणून तो त्रिभुज प्रदेश, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं त्याची गणती नाही. एकदा सातवीतली एक मुलगी नाईलच्या मुखावर बोट ठेवून म्हणाली, "सर, पण हा त्रिकोण उलटा आहे."

होताच. टोक खाली कैरोकडे, पाया वर भूमध्य समुद्राला. त्रिभुज प्रदेशाला डेल्टा हे नाव ज्यावरून मिळालं ते ग्रीक अक्षर मात्र टोक वर करून बसतं. मी नकाशासंग्रह फिरवून दक्षिण वर आणली आणि म्हटलं, आता समुद्रातून इजिप्तकडे येणाऱ्या गलबतावर उभी राहा. पाया जवळ, टोक लांब. अक्षर सरळ झालं!

इजिप्तच्या या भागाला हेरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात डेल्टाच म्हणतो. ग्रीकांनी अक्षरं फिनिशियनांकडून उचलली, नावांसकट. त्यांच्याकडचं हे चौथं अक्षर 'दालेत', म्हणजे दार. ग्रीकांनी दार टाकून दिलं, नाव आणि आकार ठेवला. आपण भाषांतर करताना आकार तेवढा ठेवला, नाव टाकलं. त्यात फसलो, कारण मिसिसिपीचा डेल्टा पक्ष्याच्या पंजासारखा पसरलाय. त्याला त्रिभुज म्हणताना माझी जीभ अडखळायची.

बरं, डेल्टा हा शब्द आता कुणाला परका आहे? 31 मे 2021 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाच्या उपप्रकारांना ग्रीक अक्षरं दिली, विषाणूला देशाचं नाव चिकटू नये म्हणून. भारतात प्रथम सापडलेला प्रकार डेल्टा झाला आणि तो शब्द घराघरात पोचला. पोचला तो धास्ती घेऊन, हे वाईट. त्याच वर्षी 22 जुलैला पुरात चिपळूणची वाशिष्ठी नदी आमच्या घरात शिरली. ओसरल्यावर मागे राहिला तो गाळ. फावड्याने ओढून काढला, तेव्हा हात भरून आले.

एरवी वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते, डेल्टा करत नाही. कोकणातल्या नद्यांचं हे असंच. गोदावरी मात्र करते. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला फुटते, आणि तिच्या एका फाट्याचं नाव आहे वसिष्ठा. आमच्या नदीची जणू नावबहीणच.

पाठ्यपुस्तकवाल्यांना एवढंच सांगणं: त्रिभुज प्रदेश खोडा, डेल्टा लिहा. आणि शेजारी ते अक्षर छापा, टोक वर करून.