‘कन्झम्प्शन’ म्हणजे खाणं, आणि खाल्लं जाणंही

आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. तिथे बारावीच्या एका मुलीने मला विचारलं, “ताई, कीट्स नावाचा कवी कन्झम्प्शनने वारला असं लिहिलंय. कन्झम्प्शन म्हणजे तर खाणं, वापरणं. मग तो काय जास्त खाऊन मेला?” बाकीची मुलं हसली. मला मात्र प्रश्न रास्त वाटला.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा शब्द ‘उपभोग’ म्हणून येतो. विजेच्या बाबतीत आपण ‘वापर’ म्हणतो, दुकानदार ‘खप’ म्हणतो. पण दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजीत हेच टीबीचं नाव होतं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वापरून संपवून टाकणं. माणूस खोकत खोकत वाळत जायचा, जणू रोगच त्याला आतून खातोय, म्हणून हे नाव. कीट्स १८२१ साली रोममध्ये असाच गेला, वय अवघं २५. आपला ‘क्षय’ हा शब्दही तेच सांगतो. क्षय म्हणजे झीज. दोन्ही भाषांनी नाव दिलं ते डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणावरून. कारण कळलं ते २४ मार्च १८८२ रोजी, जेव्हा रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये या रोगाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. पुढे कन्झम्प्शन हे नाव मागे पडलं आणि टीबी हे नाव रूढ झालं.

नाव गेलं, पण त्या शब्दातल्या दोन अर्थांचं नातं तुटलेलं नाही. ज्याच्या पोटात अन्न कमी, त्याला हा रोग आधी खातो. टीबीचा जंतू श्वासावाटे पुष्कळांच्या शरीरात शिरतो, पण बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. अर्धपोटी राहणं, मधुमेह, एचआयव्ही, दारू, तंबाखूचा धूर यांनी ती शक्ती खचली की जंतू डोकं वर काढतो. आपल्या देशात यातलं सर्वात मोठं कारण कुपोषण आहे. झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात टीबी रुग्णांच्या घरातल्या माणसांना दरमहा जादा तांदूळ आणि डाळ देण्यात आली. २०२३ साली निष्कर्ष आले. ज्या घरांत हे धान्य पोचलं, तिथे नवीन टीबी सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. डाळ-तांदळाने एवढं केलं!

आपल्याला हे नवीन वाटू नये. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावच्या गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधून तो दमून-भुकेजून तथागतांकडे आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला लावलं आणि मग उपदेश केला. भुकेल्या माणसाला आधी अन्न, मग शब्द. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं. रुग्णाला ‘गोळ्या चुकवू नको’ हा उपदेश रोज मिळतो, पण रिकाम्या पोटी त्या गोळ्यांनी मळमळतं, उलटी होते आणि तो गोळ्या सोडतो. पूर्वी अशा माणसाच्या कार्डावर ‘डिफॉल्टर’ लिहीत, म्हणजे कर्जबुडव्याला लावतात तोच शब्द. मीही तो लिहिला आहे. त्याच्या घरी चूल पेटली का, हे विचारायला कार्डावर रकाना नव्हता.

सरकार टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून दरमहा पैसे देतं. एप्रिल २०१८ पासून ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. हा आपला हक्क आहे, तो मागून घ्या. मात्र पैसे उशिरा आले तर आजार थांबत नाही. म्हणून दरमहा वेळेवर पैसे मिळावेत आणि घरातल्या सगळ्यांना जादा रेशन मिळावं, अशी मागणी आपल्या मंडळांनी लावून धरली पाहिजे. हाती आलेले पैसे महागड्या पावडरच्या डब्यात घालू नका. अंडी, डाळ, हरभरा, शेंगदाणे, सुकट, भाकरी यांतून ताकद येते.

आता घरातली गोष्ट. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना माझ्या आत्याला टीबी झाला. तिचं ताट, तांब्या, पेला वेगळे काढले. ती पडवीत एकटी जेवायची. पुस्तकात मी वाचलं होतं की टीबी ताटावाटे पसरत नाही. तरी मी गप्प राहिले. आत्या बरी झाली, पण नंतर कितीतरी वर्षं लग्नकार्यात ती स्वतःच पंगतीपासून दूर बसायची. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आपला पेला वेगळा ठेवणाऱ्यांविरुद्धचा तो लढा होता. त्याच महाडचे वारस आपण, आणि आपल्याच आजारी माणसाचा पेला वेगळा ठेवतो!

टीबी पसरतो हवेतून, खोकल्यावाटे, कोंदट खोलीत. तेव्हा खिडकी उघडा, रुग्णाला तोंडावर मास्क किंवा रुमाल धरायला सांगा. औषध नीट लागू पडलं की साधारण दोन-तीन आठवड्यांत संसर्गाची भीती बरीच ओसरते, पण साध्या टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा करावाच लागतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजनात घट यांपैकी काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासा. तपासणी आणि औषध मोफत आहे. घरातल्या इतरांनीही तपासून घ्यावं. रोग नसला तरी तो होऊ नये म्हणून औषध मिळतं. चौकशीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे.

विहारांना माझी एक विनंती आहे. रविवारच्या वंदनेनंतर वस्तीत कोण आजारी आहे ते विचारा. ज्याची हरकत नसेल, त्याच्या घरी सहा महिने डाळ-अंडी पोचवण्याचं पाच घरांनी वाटून घ्या. आणि त्याच्या शेजारी बसून जेवा. औषधाच्या पाकिटात ही गोळी मिळत नाही.

त्या मुलीला मी म्हटलं, “बाळा, कन्झम्प्शनने तो कवी गेला, कारण तेव्हा औषध नव्हतं. आज औषध आहे. तरी आपलं माणूस गेलं, तर दोष जंतूइतकाच आपल्या रिकाम्या आणि वेगळ्या काढलेल्या ताटांचाही असेल.”

जयभीम.