खाचर पाणथळ नाही, असं कोण म्हणतं?

पाणथळ जागा वाचवा म्हटलं की नेरळमध्ये ऐकू येतं, ‘इथे पाणथळ आहेच कुठे? ही तर भाताची खाचरं!’ या म्हणण्याला कायद्याचाही टेकू आहे. २०१७च्या पाणथळ जागा नियमांनी नैसर्गिक वा कृत्रिम, कायमचं वा तात्पुरतं पाणी असलेली जागा पाणथळ मानली आणि त्याच व्याख्येतून भातशेती वगळली.

लहान चतुरांना ही वगळणी मान्य नाही. आवणीनंतर बांधावरून चाला. अर्धे पंख काळे आणि टोकं पारदर्शक असलेला न्यूरोथेमिस टुलिया भाताच्या पातीवर बसलेला असतो. जेमतेम तीन सेंटिमीटरचा डिप्लाकोडिस ट्रिव्हिअॅलिस बांधाच्या मातीवर टेकतो. यांची अंडी पाण्यात, अळ्याही पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्यांवर ताव मारतात. तेव्हा ‘डास होतात, भराव घाला’ म्हणणारे डासांचा शत्रूच आधी गाडतात.

आक्षेप येतो, खाचर तर निम्मं वर्ष कोरडं! पण तात्पुरत्या पाण्याला नियमांनीच जागा दिली आहे. २००८ मध्ये चांगवोनच्या परिषदेत पाणथळ जागांसाठीच्या रामसर करारातील देशांनी भातखाचरांचं पाणथळ म्हणून मोल मान्य केलं; भारत त्या करारात आहे.

दुसरा आक्षेप, चतुर तर गटारावरही दिसतात. खरं आहे. नारिंगी ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा सांडपाण्यावरही तग धरतो. म्हणूनच नुसते चतुर दिसले म्हणून निश्चिंत होता येत नाही. कोणत्या जाती उरल्या, ते पाहावं लागतं. अनेक जाती जाऊन एकच माजली, तर ती भरभराट नव्हे.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. खाचर पाणथळ ठरलं, तर शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात नांगर धरायला परवानगी मागायची का? मुळीच नाही. भातशेती वगळण्यात तेवढं शहाणपण आहेच. पण नांगरणीला दिलेली सूट भरावाच्या डंपरला कशी लागू होते? नांगरलेल्या खाचरात पुढच्या पावसात पाणी साचतं, बुजवलेल्यात कधीच नाही.

म्हणून मागणी एवढीच: पिकवणाऱ्याला सूट कायम ठेवा, बुजवणाऱ्याची काढून घ्या. खाचराला बिनशेती परवानगी देण्याआधी ऐन पावसाळ्यात तिथल्या चतुरांची नोंद सक्तीची करा. उन्हाळ्यात केलेली पाहणी ग्राह्य धरू नका.