आहार-विवेक : हिरवा ठिपका काय सांगत नाही

पाकिटावर हिरवा ठिपका असला म्हणजे त्यात जनुकीय बदल केलेले काही नाही असे समजावे काय, असा प्रश्न एका वाचक भगिनींनी विचारला आहे. तसे समजता येत नाही. पदार्थात प्राण्याच्या शरीराचा अंश अथवा अंडे नाही, एवढीच ग्वाही तो ठिपका देतो. बियाणे कोणते होते आणि त्यात काय घातले गेले, याविषयी तो मौन पाळतो.

या विषयात भय फार आणि माहिती थोडी अशी स्थिती झाली आहे. बिनबियांची द्राक्षे किंवा संकरित ज्वारी ही काही जनुक-परिवर्तित नव्हेत. संकर हा एकाच पिकाच्या दोन वाणांचा असतो. जनुक-परिवर्तनात बहुधा एखाद्या परक्या जीवाचे जनुक प्रयोगशाळेत वनस्पतीमध्ये बसविले जाते. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, तूर, भुईमूग यांचे असे परक्या जनुकाचे वाण भारतात लागवडीसाठी मंजूर झालेले नाहीत. तेव्हा अख्खे धान्य निवडून, दळून खाणाऱ्या घराला चिंतेचे कारण नाही.

प्रश्न येतो तो मुख्यत्वे तेलातून. 2002 साली बीटी कापसास मंजुरी मिळाली. आज देशातील 90 टक्क्यांहून अधिक कापूस या प्रकारचा आहे. मातीतील एका जिवाणूचे जनुक त्यात घातलेले असल्यामुळे बोंडअळीला मारक असे प्रथिन झाड स्वतःच तयार करते. कापसाकडे आपण वस्त्र म्हणून पाहतो. परंतु रुई काढल्यावर उरलेल्या सरकीचे तेल निघते, आणि ते फरसाणाच्या कढईत व वनस्पती तुपात जाते. पेंड गाई-म्हशींच्या दावणीला जाते. अळीचे म्हणाल, तर गुलाबी बोंडअळी या प्रथिनाला सरावली आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या हाती पुन्हा फवारणीचे पंप आले. फवारणी कमी होऊन इतर कीटक वाचतील, हा या वाणाच्या बाजूचा युक्तिवाद अहिंसेच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगा होता. तो टिकला नाही.

गंमत अशी, की बीटी वांग्याच्या वेळी देश जागा झाला. जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या त्या वाणाला ऑक्टोबर 2009 मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने संमती दिली. त्यानंतर नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी 2010 मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यास स्थगिती दिली. आपल्यातील कित्येक घरांत वांगे बहुबीज म्हणून शिजतच नाही. सरकीचे तेल मात्र त्याच घरांत फरसाणाबरोबर निमूट येत राहिले.

शुद्ध केलेल्या तेलात प्रथिने व जनुकद्रव्य जवळजवळ उरत नाही, हेही सांगितले पाहिजे. ते विष आहे असे मी म्हणणार नाही. आक्षेप आहे तो न सांगण्याला. जनुक-परिवर्तित अन्नाच्या वेष्टनावर 'जीएम' अशी अक्षरे छापण्याचा नियम 2013 पासून आहे. तरीही दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 2018 मध्ये तपासलेल्या 65 नमुन्यांपैकी 21 नमुन्यांत असा अंश आढळला आणि त्यांतील बहुतेकांच्या वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. सोयाबीनचेही तसेच. आपल्या शेतातील सोयाबीन साधे. परंतु अर्जेंटिना व ब्राझीलमधून येणारे तेल बहुतांशी परिवर्तित बियाण्याचे असते. बाटलीवरचे नाव एकच. शेंगदाणा, तीळ अथवा करडईचे घाण्याचे तेल घेणाऱ्याला ही उकल करावी लागत नाही. फरसाण विकत घ्यायचेच असेल, तर कोणत्या तेलात तळले हे दुकानदाराला विचारावे.

परदेशी असलेल्या आपल्या मुलांसाठी एक गोष्ट अधिक. पूर्वी चीज बनविताना दूध गोठविण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरीत. 1990 मध्ये अमेरिकेने सूक्ष्मजीवांकडून तयार करविलेल्या कायमोसिनला मान्यता दिली. त्यासाठी वासराच्या जनुकाची प्रत सूक्ष्मजीवात बसविलेली असते. वासरू मारावे लागत नाही, म्हणून ते चीज शाकाहारी म्हणून विकले जाते. काहींना यात हिंसा टळल्याचे समाधान वाटेल, काहींना त्या मूळ जनुकाची आठवण अस्वस्थ करील. दोन्ही भावना मी समजू शकते. मात्र निर्णय माहिती असताना व्हावा. बुरशीपासून मिळणारे रेनेट निराळे असते, त्यात वासराच्या जनुकाचा संबंध नसतो. तेव्हा 'शाकाहारी' एवढ्यावर न थांबता रेनेट कोणते, हे उत्पादकास पत्र पाठवून विचारता येते. घरच्या पनीरला रेनेट लागतच नाही. लिंबाचा रस किंवा आंबट दही पुरते.