हिरव्या ठिपक्यावर आपलं भागत नाही



आपल्या डोहाळजेवणांत, वाढदिवसांत, साखरपुड्यात हल्ली एक नवा पाहुणा दिसतो. फुलांचा कस्टर्ड पाय. खाली खुसखुशीत पारी, तिच्यात दाट पिवळसर कस्टर्ड, वर गुलाबाच्या ताज्या पाकळ्या आणि मधोमध मोगऱ्याच्या चार कळ्या. फोटोत फार सुरेख दिसतो. आमच्या कोळगावात 2021 साली जिल्ह्याची कार्यालयं आली. तिथल्या निरोपसमारंभांनासुद्धा आता पेढ्याच्या जागी असलं काहीतरी येतं. पालघर-बोईसरला बेकऱ्यांना तोटा नाही.

या पायावरून आपल्या बायकांत दोन तट पडलेत. जुन्या म्हणतात, "इंग्रजांचं खाणं, आपल्या घरात कशाला?" नव्या म्हणतात, "काकू, अंडं नाहीये त्यात. हिरवा ठिपका बघा ना!" मला दोघींचंही पटत नाही. एकीने न बघता नाही म्हटलं, दुसरीने न बघता हो म्हटलं. बघितलं कोणीच नाही. आणि आपला आहारधर्म तर सगळा बघण्यावरच उभा आहे.

आधी जुन्यांशी बोलते, कारण वयाने मी त्यांच्यातच बसते. बाहेरून आलं म्हणून वर्ज्य, असा नियम आपल्याकडे कधी होता? मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. ती आपण रोज खातो. टोमॅटो, मका, पेरूही बाहेरचेच. बटाटाही बाहेरून आला, पण तो आपण सोडतो तो कंद म्हणून, परदेशी म्हणून नव्हे. उलट मुळा आणि आलं इथे फार जुन्या काळापासूनचे, तरी ते आपल्या ताटात नाहीत. म्हणजे पदार्थाचं गाव आपण कधी विचारलंच नाही. त्याच्यात जीव किती, एवढंच विचारलं. मग पायलाही तोच प्रश्न विचारा.

"अंड्याशिवाय कस्टर्ड म्हणजे नकली" असंही ऐकू येतं. आपल्याच जिल्ह्यात डहाणू-घोलवडला पारशी-इराणी कुटुंबांच्या चिकूच्या वाड्या आहेत. पारशी लग्नात 'लगन नु कस्टर्ड' असतं: दूध, साखर, अंडी, वेलची, जायफळ घालून ओव्हनमध्ये भाजलेलं, कुणाकडे त्यात गुलाबपाणीही. त्यांचा तो मानाचा पदार्थ. त्यात अंडी आहेत म्हणून आपण तो घेत नाही, एवढंच. पण बिनअंड्याचं कस्टर्ड आपण शोधलेलं नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्याने 1837 साली मक्याच्या पिठाचं कस्टर्ड तयार केलं, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. जी पावडर आपण फ्रूट कस्टर्डसाठी आणतो, तिचा जन्मच अंडं टाळण्यातून झाला. तेव्हा सुनेने कस्टर्ड करायला घेतलं की नाक मुरडू नका.

आता नव्यांकडे वळते. हा हिरवा ठिपका कित्येक वर्षं आपल्या पाकिटांवर आहे. त्याचा अर्थ इतकाच की आत मांस, मासा, अंडं नाही. दूध त्याला चालतं, ते आपल्यालाही चालतं. पण मधाच्या बाटलीवर हाच ठिपका असतो. मद्य, मांस, मधु हे तीन मकार सोडणं ही आपल्या मूलगुणांची पहिली पायरी. त्यातला एक मकार हिरव्या ठिपक्यासकट दुकानात मांडलेला असतो! बटाट्याच्या वेफर्सवर तोच ठिपका, लसणाच्या चटणीवर तोच. ठिपका खोटा बोलत नाही. तो सरकारच्या प्रश्नाचं उत्तर देतो, आपल्या प्रश्नाचं नाही. आपला प्रश्न आपणच विचारायचा असतो, आणि तो बेकरीच्या काउंटरवर विचारून उत्तर मिळत नाही, कारण काउंटरवरच्या मुलाला ते ठाऊकच नसतं.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. मला ताळेबंद समजतो, म्हणून आचार्य समंतभद्रांची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. रत्नकरंड श्रावकाचारात त्यांनी काही वस्तू सोडायला सांगितल्या: मुळा, ओलं आलं, लोणी, कडुनिंबाची फुलं आणि केतकीची फुलं. कारण काय, तर फळ थोडं आणि घात फार. हा सरळ जमाखर्च आहे, बायांनो! एका बाजूला जिभेचं क्षणभराचं सुख, दुसऱ्या बाजूला जीव. कुठलं पान जड होतंय ते बघा, मग ठरवा. या पाचांतल्या दोन नोंदी थेट आपल्या पायवर येऊन बसतात. लोणी पारीत पडतं. केतकी म्हणजे आपल्या कोकणपट्टीत खाडीकाठी उगवणारा केवडा. त्याचं पाणी मिठाईत घालतात आणि आता कस्टर्डमध्येही शिंपडतात.

वरच्या पाकळ्यांचं काय? मोगरा आपल्या जिल्ह्याचं पीक. विक्रमगड-जव्हारकडचे आदिवासी शेतकरी तो लावतात, पहाटे कळ्या खुडतात आणि माल दादरच्या फूलबाजारात जातो. त्यांच्या कष्टाला माझा नमस्कार. पण तो मोगरा गजऱ्यासाठी पिकतो, खाण्यासाठी नव्हे. मोगऱ्याला कळी पोखरणारी अळी लागते, आणि ती कळीच्या आत असते. म्हणजे बाजारातल्या कळीत एक तर अळी असू शकते, नाही तर अळी मारायला मारलेली फवारणी. गुलाबात फुलकिडे असतात. नावातच फूल आहे त्यांच्या! सुईच्या टोकाएवढे, पाकळीच्या घडीत दडलेले. पाण्याखाली धरलं की ते निघून जात नाहीत, मरतात. आपण भाजी निवडताना शेंग न शेंग उघडून बघतो आणि ह्या पाकळ्या मात्र फोटोसाठी तशाच ताटात घेतो, हे कुठल्या हिशेबात बसतं?

मराठीत दुर्मिळ गोष्टीला उंबराचं फूल म्हणतात. ते दिसत नाही कारण ते फळाच्या आतच असतं, आणि तिथेच बारीक माश्या राहतात. पाच उदुंबर फळं सोडायला सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांनी ते फळ फोडून आत बघितलं होतं. आपण निदान पाकळी उलटून बघावी.

यावर माझ्या धाकट्या जावेने मला बरोबर पकडलं. म्हणाली, "ताई, लवंग म्हणजे कळीच. केशर म्हणजे फुलातले तंतू. मग ते कसं चालतं?" प्रश्न रास्त आहे. 1 ग्रॅम केशराला सुमारे 150 फुलं लागतात, हेही खरं. म्हणून तर ताळेबंद मांडायचा. लवंग आणि केशर वाळलेलं येतं, निवडता येतं, आणि अख्ख्या पातेल्याला दोन लवंगा किंवा चार काड्या पुरतात. ज्यांनी त्यांचाही त्याग केलाय त्यांना माझं वंदन. पण चार काड्या केशर आणि ताटभर ओल्या पाकळ्या एकाच तराजूत टाकून "सगळंच फूल आहे, मग काय फरक" म्हणणं म्हणजे हिशेब टाळणं. गुलाबाच्या अत्तराचं तसंच. 1 ग्रॅम अस्सल गुलाबतेलाला साडेतीन-चार किलो पाकळ्या उकळाव्या लागतात. एक थेंब पडला की त्यामागे किती फुलं गेली ते मोजा. "मग एसेन्स घालू," असं म्हणाल, तर बाटली नीट वाचा. स्वस्त एसेन्समध्ये बहुधा फूलच नसतं, नुसतं रसायन. आणि परदेशाहून मुलं कौतुकाने व्हॅनिलाचा अस्सल अर्क आणतात, त्यात मद्यार्क असतो. अमेरिकेच्या नियमाने तो निदान 35 टक्के. पहिला मकार असा चमच्यातून घरात येतो.

मग सुवास सोडायचाच का? मुळीच नाही. झाडाने आपणहून सोडलेलं फूल आहे की! बकुळ. उन्हाळ्यात सकाळी तिच्याखाली सडा पडलेला असतो. खुडायचं नाही, फांदी हलवायची नाही. आणि देवळातली वाहिलेली फुलं तर अजिबात नाही, निर्माल्याला आपण हात लावत नाही. खाली पडलेली स्वच्छ फुलं वेचून सावलीत पांढऱ्या फडक्यावर पसरायची आणि घटकाभर थांबायचं. जी मुंगी, जे चिलट असेल ते आपल्या वाटेने जातं. मग एकेक फूल उलटून बघून वाळवायचं. बकुळ वाळली तरी महिनोन्‌महिने घमघमते, हा तिचा गुण. वाळलेली मूठभर फुलं मलमलच्या पुरचुंडीत बांधून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पाव किलो पिठीसाखरेत चार दिवस ठेवायची. पुरचुंडी बाहेर, सुवास आत. फूल पोटात जात नाही, चुलीवरही चढत नाही.

आता पाय. 20 सेंटीमीटरच्या साच्याला 150 ग्रॅम गव्हाचं पीठ घ्या. पीठ घरचं किंवा ताजं दळलेलं, आणि मर्यादेतलं: पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7 दिवसांचं. लोण्याऐवजी 70 ग्रॅम थिजलेलं तूप, 30 ग्रॅम साधी पिठीसाखर, चिमूटभर मीठ. बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ करा आणि दोन-तीन चमचे गार दुधात जेमतेम गोळा बांधा. मळू नका, मळलं की पारी चिवट होते. पारी साच्यात बसवून काट्याने टोचे मारा आणि 180 अंशांवर 25 मिनिटं, कडा बदामी होईपर्यंत भाजा.

अर्धा लिटर उकळून गार केलेल्या दुधातलं वाटीभर बाजूला काढून त्यात 45 ग्रॅम साधं कॉर्नफ्लोअर कालवा. तयार कस्टर्ड पावडर नको, तिच्यात रंग आणि एसेन्स असतो. उरलेलं दूध 60 ग्रॅम साखर घालून तापवा, मिश्रण ओता आणि सतत ढवळा. बुडबुडे आल्यावर आणखी दीड मिनिट ढवळत राहा, नाही तर पिठूळ लागतं. अंड्याचं कस्टर्ड ओव्हनमध्ये धरतं, हे मात्र गॅसवरच शिजून, मग गार होताना धरतं. गॅस बंद केल्यावरच बकुळीची साखर दोन चमचे घाला, कारण उष्णतेने सुवास उडतो. पारीत ओतून 170 अंशांवर 10-12 मिनिटं, वर पातळ साय धरेपर्यंत ठेवा. दोन तास निवू द्या आणि वरून आणखी चमचाभर तीच साखर भुरभुरवा. विजेचं म्हणाल तर दीड हजार वॅटचा ओव्हन सलग तासभर चालला तरी दीड युनिट जातं.

यात घड्याळही आलं. दुपारी 2 ला सुरुवात केलीत तर हिवाळ्यातसुद्धा दिवस मावळण्याआधी ताटात पडतो. रात्री 9 ला मेणबत्त्या लावून कापलेला पाय कितीही शुद्ध असला तरी आपला नाही. आणि तो त्याच दिवशी संपवायचा. फ्रिजमध्ये ठेवला म्हणून मर्यादा वाढत नाही. ज्यांचं शोधाचं जेवण आहे, चौक्याचा नियम आहे, त्यांना पिशवीचं दूधच चालत नाही, त्यांच्यासाठी हे नाहीच. श्वेतांबर भगिनींनी आपल्या परंपरेचे नियम लावावेत. मी सांगतेय ते तुमच्या-माझ्यासारख्या साध्या श्राविकांना.

"एवढा उपद्व्याप कशाला, शिरा करा," असं कोणी म्हणेल. शिरा मलाही आवडतो. पण घरातल्या मुलींकडे बघा. त्यांना हे पदार्थ दिसणार, आवडणार, आणि त्या ते खाणार. आपण नुसतं "नको" म्हणत राहिलो तर त्या घरी शिरा खातील आणि बाहेर पाय. मग एक दिवस त्यांना वाटेल की धर्म म्हणजे म्हाताऱ्यांची कटकट. त्याऐवजी ताळेबंद त्यांच्या हातात द्या. ही पाकळी का नाही, हे तूप का, हा ठिपका का पुरत नाही, हे त्यांना एकदा पीठ चोळता चोळता कळलं की पुढच्या नव्या पदार्थासमोर त्या स्वतः उभ्या राहतील. तो पदार्थ कुठला असेल हे तुम्हाला-मला आज माहीत नाही, आणि तेव्हा विचारायला आपण असूच असंही नाही.

म्हणून मंडळाच्या पदाधिकारी बहिणींना माझं मागणं आहे. पुढच्या कार्यक्रमाला पाय मागवायचा असेल तर ताज्या पाकळ्या नकोत, केवडा नको, लोणी नको, आणि सूर्यास्तानंतर नको. हे सांभाळून देणारं कोणी नसेल तर चार जणी मिळून घरी करा. ओव्हन माझा घ्या. बकुळीच्या साखरेचा डबा भरलेला आहे.

जय जिनेंद्र.