भुतं निजवण्याची विद्या

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की ग्रँड कॅनाल डॉकच्या काठावर मराठी ऐकू यायला लागतं. गप्पांत एक प्रश्न हटकून निघतो: ‘अहो, आमचा मुलगा रात्री-अपरात्री उठून कॉम्प्युटरवर नेमकं करतो काय?’ मुलाला विचारलं तर उत्तर एवढंच, ‘सर्व्हिस बंद पडली होती, चालू केली.’ म्हटलं, या अंकात तेच जरा उलगडून सांगावं.

सर्व्हरवर काही कामं पडद्याआड अखंड चालू असतात. युनिक्सवाले त्यांना ‘डीमन’ म्हणतात. १९६३ च्या सुमारास एमआयटीतल्या मंडळींनी हे नाव भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या काल्पनिक भुतावरून उचललं. आपल्या गोष्टीतलं सतत काम मागणारं भूत आठवा, त्याच जातीचं हे.

या भुतांना उठवायला आणि निजवायला लिहून ठेवलेल्या आज्ञा म्हणजे स्क्रिप्ट. १९८३ च्या सिस्टिम फाइव्ह युनिक्समुळे रुळलेल्या पद्धतीत नावाआधी एस किंवा के हे अक्षर आणि एक क्रमांक असे. एस म्हणजे स्टार्ट, के म्हणजे किल. डेटाबेस आधी उठायचा, मग त्याच्यावर विसंबलेली वेबसाइट. निजवताना उलटा क्रम. आपल्या गोदीचंही तसंच. १७९६ पासून लिफीतून येणारी बोट जलद्वारात शिरली की मागचं दार लावून पाणी समपातळीला आणल्याशिवाय पुढचं दार उघडता येत नाही.

उठवणं सोपं हो! लिहिणाऱ्याचा कस लागतो तो ‘स्टॉप’मध्ये. भुताचा नंबर एका फायलीत टिपलेला असतो. भूत मधेच मेलं तरी फाइल तशीच राहते, आणि तो नंबर पुढे दुसऱ्याच कुणाला मिळालेला असू शकतो. न तपासता घाव घातला तर भलत्याचाच बळी! शिवाय निरोपाचे प्रकार दोन. १५ क्रमांकाचा निरोप म्हणजे ‘आवरा आता’. भूत हातातलं काम संपवून निघतं. ९ क्रमांकाचा निरोप भुताच्या कानावर पडतच नाही, यंत्रणा त्याला जागच्या जागी संपवते. शहाणी स्क्रिप्ट आधी १५ पाठवते, थांबते, बघते, आणि अगदीच नाइलाज झाला तर ९.

आमच्या ओळखीच्या एका मुलीला गणपतीच्या आरतीतून उठून लॅपटॉप उघडावा लागला. तिने नेहमीची स्क्रिप्ट चालवली. ती कुणीतरी नोकरी सोडून गेलेल्याने लिहिलेली, आणि आत थेट ९! डेटाबेस पुन्हा उठला, पण नोंदवहीवरून अर्धवट कामांची जुळवाजुळव करण्यात त्याचा बराच वेळ गेला, आणि तेवढा वेळ गिऱ्हाईकं खोळंबली. दुसऱ्या दिवशी जाब विचारला तो तिला! ज्याने लिहिलं तो केव्हाच निघून गेलेला. हे आम्हाला मुळीच पटलं नाही. तिने मात्र वाद न घालता ती स्क्रिप्ट नव्याने लिहिली, आणि प्रत्येक ओळीशेजारी कारणही.

२०१० साली आलेल्या सिस्टिमडीने लिनक्सवरच्या अशा बहुतेक स्क्रिप्ट मोडीत काढल्या. तो आपणहून १५ पाठवतो आणि काही वेगळं सांगितलं नसेल तर ९० सेकंद थांबतो. कंटेनरवाला डॉकर मात्र १० सेकंदांतच धीर सोडतो. आपल्या डेटाबेसला आवरायला किती वेळ लागतो, ते दिवसाढवळ्या घड्याळ लावून मोजावं आणि मुदत त्याप्रमाणे लिहावी. आरतीच्या वेळी मोजत बसू नये.